एलिझाबेथ ली हेझन

एलिझाबेथ ली हेझन (२४ ऑगस्ट, इ.स. १८८५ – २४ जून, इ.स. १९७५) या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वैद्यकीय कवकशास्त्रज्ञ होत्या. रसायनशास्त्रज्ञ रेचल फुलर ब्राउन यांच्या सहकार्याने त्यांनी नायस्टॅटिन या बुरशीनाशक प्रतिजैविकाचा शोध लावला. माणसाला सुरक्षितपणे देता येईल असे हे पहिले बुरशीनाशक प्रतिजैविक मानले जाते. या शोधाची घोषणा इ.स. १९५० मध्ये झाली. औषधाच्या विक्रीतून मिळालेल्या स्वामित्वधनातील काहीही स्वतःसाठी न ठेवता दोघींनी ते संशोधनाला अर्पण केले.

जिवाणूंवरील प्रतिजैविके, कर्करोगावरील उपचार, स्टेरॉइड आणि अवयवांचे प्रतिरोपण यांमुळे विसाव्या शतकात असंख्य रुग्णांचे प्राण वाचले; परंतु त्याच उपचारांमुळे शरीराचे नैसर्गिक संरक्षण ढळून बुरशीजन्य संसर्गांना वाट मिळाली. हा धोका पुरता ओळखला जाण्यापूर्वीच त्यावर इलाज शोधणाऱ्या संशोधकांमध्ये हेझन यांची गणना होते.

पूर्वायुष्य

हेझन यांचा जन्म अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील कोहोमा परगण्यात, रिच या खेड्यात झाला. कुटुंब कापसाची शेती करणारे होते. तीन भावंडांपैकी एलिझाबेथ या मधल्या. त्या चार वर्षांच्या होण्यापूर्वीच आई व वडील दोघांचेही निधन झाले आणि मुले पोरकी झाली. त्यांच्या भावाचाही बालपणीच मृत्यू झाला. पुढे एलिझाबेथ व त्यांची बहीण ॲनिस यांचा सांभाळ काका-काकूंनी जवळच्याच लूला या गावी केला. एलिझाबेथ यांचे प्राथमिक शिक्षण तेथील एकखोली शाळेत झाले.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण मुलींना उच्च शिक्षणाची संधी क्वचितच मिळे. मात्र मिसिसिपी राज्याने कोलंबस या शहरी इ.स. १८८४ मध्ये केवळ स्त्रियांसाठी एक महाविद्यालय स्थापन केले होते. शासकीय खर्चाने चालणारे ते अमेरिकेतील पहिले महिला महाविद्यालय होय. हेझन यांनी इ.स. १९०५ मध्ये तेथे प्रवेश घेतला आणि इ.स. १९१० मध्ये त्या विज्ञानाच्या पदवीधर झाल्या. शास्त्रविषयांची, विशेषतः जीवशास्त्राची गोडी त्यांना येथेच लागली.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

पदवीनंतर हेझन यांनी मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथील माध्यमिक शाळेत सुमारे सहा वर्षे भौतिकशास्त्र व जीवशास्त्र हे विषय शिकवले. शाळेची नोकरी सांभाळून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या टेनेसी व व्हर्जिनिया येथील विद्यापीठांच्या वर्गांना हजर राहत. नोकरीतील बचतीच्या आधारे त्यांनी इ.स. १९१६ मध्ये न्यू यॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि पुढच्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर त्यांनी सैन्याच्या रोगनिदान प्रयोगशाळांमध्ये काम केले. युद्ध संपल्यावर इ.स. १९१९ ते इ.स. १९२३ या काळात त्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील फेअरमाँट येथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक होत्या. त्यानंतर त्या पुन्हा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाल्या. एरंडाच्या बियांमध्ये रिसिन नावाचे तीव्र विष असते. या विषाविरुद्ध शरीरात प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. इ.स. १९२७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञान संशोधनात डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी फारच थोडी होती.

न्यू यॉर्क राज्य आरोग्य विभागातील कार्य

इ.स. १९३१ मध्ये हेझन न्यू यॉर्क राज्य आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळा व संशोधन शाखेत रुजू झाल्या. या शाखेचे मुख्य केंद्र राज्याची राजधानी ऑल्बनी येथे होते. हेझन यांची नेमणूक तिच्या न्यू यॉर्क शहरातील उपकेंद्रात झाली व जिवाणूजन्य रोगांचे निदान करणाऱ्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

रुग्णाकडून आलेला नमुना तपासून केवळ रोगाचे नाव कळवण्यावर त्या थांबत नसत. रोग कोठून आला, याचा माग काढण्यावर त्यांचा भर असे. ब्रश तयार करणाऱ्या एका कारखान्यापर्यंत त्यांनी काळपुळीच्या साथीचा माग काढला. टुलारेमिया या रोगाचे न्यू यॉर्कमधील उगम त्यांनी शोधले. परदेशातून आलेल्या खराब माशांमुळे झालेल्या विषबाधेच्या मुळाशी बॉट्युलिझमच्या जंतूचे ई प्रकारचे विष असल्याचेही त्यांच्या तपासातून निष्पन्न झाले. वरवर भिन्न दिसणाऱ्या घटनांमधील धागा चिकाटीने जुळवण्याची ही सवय त्यांना पुढील संशोधनात उपयोगी पडली.

बुरशीजन्य रोगांचा प्रश्न

इ.स. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके वापरात आली. न्यूमोनिया, क्षय, जखमांमधील पू यांसारख्या जिवाणूजन्य रोगांवर प्रथमच खात्रीचा इलाज मिळाला. परंतु ही औषधे बुरशीवर निष्प्रभ होती. बुरशी हा जिवाणूंहून वेगळा सजीव गट आहे. तिच्या पेशींची रचना जिवाणूंच्या पेशींपेक्षा प्राण्यांच्या पेशींना अधिक जवळची असते. त्यामुळे बुरशीला मारणारे द्रव्य बहुधा माणसालाही अपाय करते. बुरशीनाशक औषधांच्या संशोधनातील मूळ अडचण हीच होती व आजही आहे.

दुसरी अडचण नव्या औषधांनीच उभी केली. माणसाच्या तोंडात व आतड्यांत अनेक निरुपद्रवी जिवाणू वस्ती करून असतात. कँडिडा अल्बिकन्स नावाची बुरशीही तेथे अल्प प्रमाणात असते आणि जिवाणूंच्या गर्दीमुळे तिची वाढ मर्यादित राहते. प्रतिजैविकांनी जिवाणू नष्ट होताच या बुरशीला मोकळे रान मिळते. तोंडात व घशात पांढरा थर जमतो, गिळताना वेदना होतात, आतड्यांत व योनिमार्गात संसर्ग होतो. अशक्त रुग्णांमध्ये ती रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकते.

फुप्फुसांच्या बाबतीत धोका वेगळ्या वाटेने येतो. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रोमीटर आकाराचे असल्याने श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी माणूस रोज असे बीजाणू श्वासावाटे आत घेतो. परंतु त्याच्या फुप्फुसांतील भक्षकपेशी व रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा नायनाट करतात. ही संरक्षक फळी कोसळली की बीजाणूंना अंकुर फुटतात, त्यांचे तंतू फुप्फुसाच्या ऊतींत व रक्तवाहिन्यांत शिरतात आणि तेथील भाग मृत होतो. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशीदेखील प्रथम फुप्फुसांतच प्रवेश करते आणि दुर्बळ रुग्णांत तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पसरते. माणसाच्या फुप्फुसांतील अशा बुरशीचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी इ.स. १८५६ मध्ये केले होते. तरीही पुढील जवळजवळ शंभर वर्षे हे आजार दुर्मिळ मानले गेले आणि त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही.

या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळा शाखेचे संचालक ऑगस्टस वॉड्सवर्थ यांनी इ.स. १९४४ मध्ये बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासासाठी हेझन यांची निवड केली. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या उंबरठ्यावर होते. हा विषय नव्याने शिकण्यासाठी त्या कोलंबिया विद्यापीठातील ऱ्होडा बेनहॅम यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. बेनहॅम या अमेरिकेतील वैद्यकीय कवकशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक होत्या. हेझन यांनी रोगकारक बुरशींचे नमुने जमवून त्यांचा मोठा संग्रह तयार केला. निदानासाठी आलेल्या नमुन्यांची ओळख पटवण्यास त्याचा उपयोग होऊ लागला.

रेचल ब्राउन यांच्याशी सहकार्य

बुरशी ओळखता येऊ लागली, तरी रुग्णाला देण्याजोगे औषध हाती नव्हते. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतील ॲक्टिनोमायसीट गटातील जिवाणूंपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. मातीत जिवाणू व बुरशी यांच्यात अन्नासाठी सतत स्पर्धा चाललेली असते. तेव्हा याच गटातील एखादा जिवाणू बुरशीला मारणारे द्रव्यही तयार करत असेल, असे हेझन यांना वाटले. त्यांनी ठिकठिकाणची माती गोळा करून त्यातील जिवाणू वेगळे करण्यास आरंभ केला. त्यांपैकी काहींमध्ये बुरशीविरोधी गुण आढळले. परंतु ते द्रव्य जिवाणूच्या वाढीतून शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यासाठी रसायनशास्त्रज्ञाची आवश्यकता होती.

वॉड्सवर्थ यांच्यानंतर संचालकपदी आलेले गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांनी इ.स. १९४८ मध्ये हेझन यांची गाठ रेचल फुलर ब्राउन यांच्याशी घालून दिली. ब्राउन (इ.स. १८९८ – इ.स. १९८०) या ऑल्बनी येथील मुख्य प्रयोगशाळेत इ.स. १९२६ पासून काम करत होत्या आणि न्यूमोनियाच्या जिवाणूंवरील रासायनिक संशोधनासाठी परिचित होत्या. दोघींच्या प्रयोगशाळांमध्ये सुमारे २४० किलोमीटरचे अंतर होते. त्यामुळे त्यांच्या सहकार्याचा मोठा भाग टपालाद्वारेच चालला.

कामाची पद्धत ठरलेली होती. न्यू यॉर्क शहरात हेझन मातीच्या नमुन्यातून जिवाणू वेगळे करत आणि कँडिडा अल्बिकन्स व क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या दोन बुरशींवर त्यांचा परिणाम तपासत. एखाद्या जिवाणूत गुण दिसला की त्याची वाढ काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ती टपालाने ऑल्बनीला धाडत. ब्राउन निरनिराळ्या द्रावकांच्या साहाय्याने त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे काढत आणि ते परत न्यू यॉर्कला पाठवत. हेझन त्या द्रव्याची पुन्हा त्याच दोन बुरशींवर परीक्षा घेत. त्यात ते उतरले, तर उंदरांना देऊन ते विषारी आहे किंवा कसे हे पाहत.

बहुतेक द्रव्ये या अखेरच्या टप्प्यावर बाद होत. जी बुरशीला मारत, ती उंदरांनाही मारत. काही द्रव्ये आधीच इतरांनी शोधलेली निघत. अशा रीतीने एकामागून एक नमुने तपासून नाकारण्यात आले.

नायस्टॅटिनचा शोध

इ.स. १९४८ मध्ये हेझन व्हर्जिनिया राज्यातील फॉकियर परगण्यात आपल्या परिचितांकडे गेल्या असता तेथील नोर्स कुटुंबाच्या दुग्धशाळेच्या शेतातील माती त्यांनी सोबत आणली. या मातीत त्यांना पूर्वी नोंद न झालेला एक ॲक्टिनोमायसीट सापडला. प्रयोगशाळेच्या नोंदीत त्याला ४८२४० हा क्रमांक मिळाला. पुढे नोर्स कुटुंबाच्या नावावरून त्या जिवाणूचे स्ट्रेप्टोमायसीस नोर्सी असे नामकरण करण्यात आले.

या जिवाणूपासून दोन बुरशीनाशक द्रव्ये निर्माण होत असल्याचे आढळले. त्यांपैकी एक प्राण्यांसाठी फार विषारी ठरले. दुसरे मात्र दोन्ही परीक्षक बुरशींवर प्रभावी असून उंदरांना त्याचा बाध होत नव्हता. अनेक प्रकारच्या बुरशींवर ते परिणामकारक असल्याचे पुढील चाचण्यांत दिसून आले.

इ.स. १९५० मध्ये या दोन द्रव्यांविषयीचा शोधलेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे भरलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभेत शोधाची घोषणा करण्यात आली. संशोधकांनी द्रव्याला प्रथम फंगिसिडिन असे नाव दिले होते. परंतु ते नाव आधीच दुसऱ्या पदार्थासाठी वापरात असल्याने नवे नाव शोधावे लागले. दोघी ज्या राज्याच्या सेवेत होत्या, त्या न्यू यॉर्क स्टेटच्या आद्याक्षरांवरून नायस्टॅटिन हे नाव निश्चित झाले.

घोषणेनंतर अनेक औषध कंपन्यांनी रस दाखवला. पेटंट व परवान्यांची व्यवस्था रिसर्च कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आली आणि उत्पादनाचा परवाना स्क्विब या कंपनीला मिळाला. कंपनीने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची पद्धत बसवली व माणसांवरील चाचण्या केल्या. इ.स. १९५४ मध्ये नायस्टॅटिनच्या गोळ्या मायकोस्टॅटिन या नावाने बाजारात आल्या. पेटंट इ.स. १९५७ मध्ये मंजूर झाले.

औषधाची क्रिया

नायस्टॅटिन हे पॉलीइन या रासायनिक गटातील द्रव्य आहे. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. माणसाच्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. नायस्टॅटिनचे रेणू अर्गोस्टेरॉलला चिकटतात व पेशीपटलाला छिद्रे पडतात. पेशीतील पोटॅशियम व इतर आवश्यक पदार्थ बाहेर गळू लागतात आणि बुरशीची पेशी मरते. कोलेस्टेरॉलशी या द्रव्याचे आकर्षण तुलनेने कमी असल्याने माणसाच्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. जिवाणूंच्या पेशीपटलात सामान्यतः असे स्टेरॉल नसते. म्हणून नायस्टॅटिनचा जिवाणूंवर परिणाम होत नाही.

तोंडावाटे घेतलेले नायस्टॅटिन आतड्यांतून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. तोंड, अन्ननलिका, आतडी, त्वचा व योनिमार्ग येथील कँडिडाच्या संसर्गावर ते त्या त्या जागीच कार्य करते. त्यामुळे त्याचे दुष्परिणाम थोडे असतात. तान्ह्या मुलांच्या तोंडातील बुरशीवरही ते दिले जाते.

फुप्फुसांचे बुरशीजन्य आजार व नायस्टॅटिनची मर्यादा

रक्तात न शोषले जाण्याचा जो गुण नायस्टॅटिनला सुरक्षित बनवतो, तोच त्याची मर्यादाही ठरतो. तोंडावाटे दिलेले औषध फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही, आणि शिरेवाटे द्यावे तर ते विषारी ठरते. त्यामुळे ॲस्परजिलस, म्युकर किंवा क्रिप्टोकॉकस यांनी फुप्फुसात ठाण मांडलेल्या रुग्णाला नायस्टॅटिनचा थेट उपयोग होत नाही.

मात्र या शोधाने पुढची वाट दाखवली. मातीतील जिवाणूंपासून माणसाला देता येईल असे बुरशीनाशक मिळू शकते, हे आता सिद्ध झाले होते. स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतून स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस हा जिवाणू मिळवला आणि त्यापासून इ.स. १९५५ च्या सुमारास ॲम्फोटेरिसिन बी हे पॉलीइन गटातीलच दुसरे औषध तयार केले. ते शिरेवाटे देता येते व फुप्फुसे, मेंदू यांसारख्या आतील अवयवांच्या संसर्गावर परिणाम करते. त्याने मूत्रपिंडाला इजा पोहोचते, थंडी वाजून ताप येतो. तरीही अन्य इलाज नसलेल्या रुग्णांसाठी कित्येक वर्षे तोच आधार होता. पुढे हे औषध मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देण्याची पद्धत निघाली आणि मूत्रपिंडाचा धोका कमी झाला.

दरम्यान अशा रुग्णांची संख्या वाढत गेली. रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात. मूत्रपिंड, अस्थिमज्जा इत्यादींच्या प्रतिरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडांचाही असाच परिणाम होतो. इ.स. १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना झालेल्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाच्या नोंदीवरून एड्स या रोगाची प्रथम चाहूल लागली. न्यूमोसिस्टिस हा जीव बुरशीच्या गटातील असल्याचे पुढे इ.स. १९८८ मध्ये स्पष्ट झाले. त्याच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नसल्याने पॉलीइन औषधे त्यावर चालत नाहीत. फुप्फुसातील बुरशी नेमकी कोणती, हे ओळखल्याशिवाय योग्य औषध ठरवता येत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. हेझन यांनी आरंभीच्या काळात नमुन्यांची अचूक ओळख पटवण्यावर दिलेला भर या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

भारतातील संदर्भ

पॉलीइन औषधांच्या इतिहासाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याला पिंपरीच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव देण्यात आले. मातीतील जिवाणूत बुरशीनाशक शोधण्याची हेझन व ब्राउन यांनी यशस्वी करून दाखवलेली रीतच येथे अनुसरली गेली.

इ.स. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह भारतात अनेक ठिकाणी म्युकरमायकोसिस या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. बहुतेक रुग्णांत हा संसर्ग नाक, सायनस व डोळ्यांच्या खोबणीत होता, तर काहींच्या फुप्फुसांतही तो पसरला. या वेळी ॲम्फोटेरिसिन बी हेच मुख्य औषध होते आणि काही काळ त्याचा तुटवडा जाणवला. एरवी दुर्मिळ समजला जाणारा बुरशीजन्य आजार परिस्थिती बदलताच किती वेगाने वाढू शकतो, याचा अनुभव तेव्हा सामान्य माणसालाही आला.

स्वामित्वधन व ब्राउन-हेझन निधी

नायस्टॅटिनच्या पेटंटची मुदत संपेपर्यंत त्यापासून १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक स्वामित्वधन जमा झाले. हेझन व ब्राउन यांनी त्यातील काहीही वैयक्तिक उत्पन्न म्हणून घेतले नाही. निम्मी रक्कम रिसर्च कॉर्पोरेशनच्या विज्ञान संशोधनविषयक अनुदानांसाठी व निम्मी ब्राउन-हेझन निधीसाठी देण्यात आली. जीवशास्त्र व संबंधित शास्त्रांतील संशोधनाला, आणि उत्तरकाळात विशेषतः वैद्यकीय कवकशास्त्राच्या प्रशिक्षणाला या निधीतून साहाय्य मिळाले. कवकशास्त्राला अन्यत्र पुरेसा निधी उपलब्ध नसलेल्या काळात ही मदत मोलाची ठरली. दोघीही आपल्या सरकारी नोकरीच्या वेतनावरच राहिल्या.

इतर उपयोग व संशोधन

औषधाखेरीज नायस्टॅटिनचे अन्य उपयोगही झाले. नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहराला मोठा पूर आला व तेथील जुनी चित्रे भिजून त्यांवर बुरशी चढू लागली. ही बुरशी रोखण्यासाठी नायस्टॅटिन वापरण्यात आले. एल्म वृक्षांच्या बुरशीजन्य रोगावरही त्याचे प्रयोग झाले.

नायस्टॅटिननंतरही हेझन व ब्राउन यांचे सहकार्य चालू राहिले. फॅलामायसिन व कपॅसिडिन ही आणखी दोन प्रतिजैविके त्यांनी शोधली. परंतु ती नायस्टॅटिनइतकी उपयोगी ठरली नाहीत. इ.स. १९५५ मध्ये हेझन यांनी फ्रँक कर्टिस रीड यांच्यासमवेत रोगकारक बुरशी प्रयोगशाळेत सोप्या रीतीने कशी ओळखावी, या विषयावर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. कवकशास्त्राचे विशेष शिक्षण न घेतलेल्या तंत्रज्ञांना हे पुस्तक उपयुक्त होते.

उत्तरायुष्य व सन्मान

इ.स. १९५४ मध्ये न्यू यॉर्क शहरातील उपकेंद्र बंद झाल्यावर हेझन ऑल्बनीच्या मुख्य प्रयोगशाळेत गेल्या. इ.स. १९५८ मध्ये ऑल्बनी मेडिकल कॉलेजमध्ये त्यांची सहयोगी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. इ.स. १९६० मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. परंतु निवृत्तीनंतरही कोलंबिया विद्यापीठातील कवकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अतिथी संशोधक म्हणून त्यांनी काम केले. स्वभावाने त्या प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या होत्या.

अखेरची वर्षे त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल येथे, आजारी बहिणीच्या सान्निध्यात घालवली. २४ जून, इ.स. १९७५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान पुढीलप्रमाणे:

इ.स. १९५५ – रासायनिक उपचारांतील संशोधनासाठी स्क्विब पुरस्कार (ब्राउन यांच्यासमवेत)

इ.स. १९६९ – होबार्ट अँड विल्यम स्मिथ कॉलेजेस यांची सन्माननीय डॉक्टरेट (ब्राउन यांच्यासमवेत)

इ.स. १९७२ – वैद्यकीय कवकशास्त्रातील ऱ्होडा बेनहॅम पुरस्कार (ब्राउन यांच्यासमवेत)

इ.स. १९७५ – अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्स या संस्थेचा केमिकल पायोनियर पुरस्कार. हा पुरस्कार मिळवणाऱ्या हेझन व ब्राउन या पहिल्या स्त्रिया होत.

इ.स. १९९४ – अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात मरणोत्तर समावेश. इ.स. १९९१ मध्ये गर्ट्रूड एलियन यांचा समावेश झाल्यानंतर हा मान मिळालेल्या हेझन व ब्राउन याच पुढील स्त्रिया होत्या.

महत्त्व

नायस्टॅटिन आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नंतरच्या काळात ॲझोल व इकायनोकँडिन या गटांतील नवी बुरशीनाशके उपलब्ध झाली. तथापि, बुरशीनाशक औषधांचे गट अद्याप मोजकेच आहेत आणि त्यांना दाद न देणाऱ्या बुरशी आढळू लागल्या आहेत. बुरशीच्या व माणसाच्या पेशींतील साम्यामुळे नवे औषध शोधणे आजही कठीण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये संशोधनास प्राधान्य द्यावयाच्या रोगकारक बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तिच्या अतिगंभीर गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स या चार बुरशी आहेत. हेझन यांनी इ.स. १९४८ मध्ये प्रत्येक नमुन्याच्या परीक्षेसाठी निवडलेल्या दोन्ही बुरशींचा त्यांत समावेश आहे.